पहिलीच्या वर्गातले यमक

थेरगावच्या पालिका शाळांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून कारखान्यांतल्या कामासाठी आलेल्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. घरची बोली एक, पुस्तकातली दुसरी. अशा वर्गात पहिलीपासून यमकांची चित्रपुस्तके वाचायला हवीत, असे मला ठामपणे वाटते. बडबडगीते बालवाडीत म्हटली जातातच. पण ती बहुधा कानापाशीच थांबतात. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६५ मुलांपैकी काहींना त्यांनी सारख्या ध्वनीचे शब्द ओळखायला शिकवले. काहींना तेच शिकवताना हाती प्लास्टिकची अक्षरेही दिली. वाचनात सर्वांत पुढे गेली ती अक्षरे हाताळणारी मुले. कानाला जाणवलेले साम्य डोळ्यांनाही दिसावे लागते. तो अभ्यास इंग्रजीतला खरा. पण देवनागरीत हे साम्य आणखी स्वच्छ दिसते. ‘गाडी, माडी, साडी’ एकाखाली एक छापा. काना, ‘ड’ आणि दुसरी वेलांटी जागच्या जागी राहतात, बदलते फक्त पहिले व्यंजन. बाराखडीच्या तक्त्यावर सुटी घोकलेली वेलांटी इथे अर्थासकट भेटते, आणि माडी म्हणजे काय हे घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला चित्र सांगते.

मुले अशी पुस्तके पाठ करतात, वाचत नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार असते. ती रास्त आहे. पुस्तक नुसते म्हणून घेतले तर तसेच होणार. म्हणून ओळीतला शेवटचा शब्द कागदाच्या पट्टीने झाकावा, मुलांना अंदाज करू द्यावा आणि पट्टी अक्षराअक्षराने सरकवत तो ताडून पाहावा. अंदाज यमकामुळे सुचतो. तो बरोबर की चूक, हे अक्षर ठरवते. पुढे तेच शब्द चित्राविना, क्रम बदलून फळ्यावर लिहिले, की कोणी नुसते पाठ केले आहे ते लगेच कळते. दुसरा आक्षेप ओढूनताणून जुळवलेल्या यमकांचा. तशी पुस्तके खुशाल बाजूला ठेवावीत. ‘जातो, येतो, खातो’ ही क्रियापदांची यमके मराठीत फुकट मिळतात आणि मुलाला एकच शेवट पुन्हा पुन्हा दाखवतात. नामांची यमके जास्त शिकवतात. मात्र १९५७ च्या ‘द कॅट इन द हॅट’सारखे अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांतले पुस्तक मराठीत अवघड आहे, कारण ‘घोडा’ पुढच्याच ओळीत ‘घोड्यावर’ होतो. ही रूपे आणि जोडाक्षरे वाचायला साध्या गद्य गोष्टीच लागतील, आणि त्या दुसऱ्या सत्रापर्यंत वर्गात यायला हव्यात.