'योक' आणि 'जू'

(हीरक महोत्सवी वर्षातील भाषाविषयक व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



भाषेविषयी बोलायचे म्हटले की गौरवाचे शब्द आपोआप ओठांवर येतात. ते आज मी बाजूला ठेवते आणि आपल्यासमोर एकच शब्द मांडते. शब्द इंग्रजी आहे : 'योक'. (अंड्याच्या पिवळ्या बलकाचा 'योक' तो हा नव्हे. उच्चार एकच, पण तो शब्द 'यलो'च्या घरातला.)

इंग्रजीत जोडीसाठी शब्द अनेक, पण प्रत्येकाची नजर वेगळी. 'पेअर' लॅटिनमधील समान या अर्थाच्या 'पार' शब्दावरून आला. म्हणून पायमोजे आणि कानातले डूल यांना तो शोभतो. 'कपल' आला 'कोपुला'वरून. कोपुला म्हणजे बंध, दोघांना एकत्र बांधणारा पट्टा. 'ब्रेस' म्हणजे मुळात दोन बाहू; शिकारी लोक पक्ष्यांची जोडी मोजताना तो वापरतात. साम्य, बंधन, बाहू अशा तीन वाटांनी माणसाने 'दोन' पाहिले. आपणही काही कमी नाही. 'जोडा' या एकाच शब्दात आपण नवराबायको आणि चपला दोन्ही बसवले आहेत. त्यावर अधिक भाष्य करीत नाही.

'योक'ची नजर मात्र कामाची आहे. दोन बैलांच्या मानेवर आडवे ठेवलेले लाकूड म्हणजे योक. आणि त्या लाकडाखाली चालणारी बैलजोडी म्हणजेही योकच. 'फाइव्ह योक ऑफ ऑक्सन' म्हटले की बैल दहा होतात, आणि 'योक'ला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. नववीच्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे.

हे लाकूड आपल्या परिचयाचे आहे. त्याला आपण जू म्हणतो. त्याच्या टोकांशी शिवळा असतात, बैलाच्या मानेखालून जोते बांधतात. आपल्यापैकी ज्यांचे आजोळ अजून शेतीवर आहे त्यांनी ते पाहिले असेल. आता जू आणि योक हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. कानाला त्यांचे नाते पटत नाही. ते पटावे म्हणून मध्ये संस्कृत 'युग' ठेवावे लागते. युग म्हणजे कालखंड, हे आपण जाणतो. परंतु ऋग्वेदात 'युग' म्हणजे जू हाही अर्थ आहे. प्राकृतात आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचे जाते झाले, तसेच युगाचे जुग आणि मधला 'ग' गळून जू. आपल्या शेजारच्या हिंदीत तेच 'जुआ' झाले. पत्त्यांचा जुआ निराळा. तो 'द्यूत'पासून आलेला.

पश्चिमेकडे याच शब्दाची लॅटिनमध्ये 'युगुम', ग्रीकमध्ये 'झुगोन', जर्मनमध्ये 'योख' अशी रूपे आहेत. इंग्रजीत शेवटी 'ग'च्या जागी 'क' का? जर्मानिक भाषांत मूळचा 'ग' नियमाने 'क' झाला. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये या बदलांची सूत्रबद्ध मांडणी केली. आपली 'गो' आणि इंग्रजांची 'काऊ' हे त्याच नियमाचे उदाहरण. या भाषांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्स या न्यायाधीशाने 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात सांगितले होते. ते भाषण आपल्या देशात झाले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

नुसते जूच नव्हे, तर अवघी बैलगाडीच या नात्यात उभी आहे. चाक आणि 'व्हील' एका मुळाचे. गाडीचा आस आणि 'ॲक्सल' एका मुळाचे. हे शब्द वेगळे होण्यापूर्वी ते बोलणाऱ्यांकडे गाडी होती, असा तर्क भाषाशास्त्रज्ञ करतात. रोमन लोक जमीनही जुवानेच मोजत. 'युगेरुम' म्हणजे एका बैलजोडीने दिवसभरात नांगरायची जमीन, सुमारे पाव हेक्टर. आणि त्याच रोमनांना इ. स. पू. 321 मध्ये सॅम्नाइटांनी कॉडिअमच्या खिंडीत कोंडून, शस्त्रे काढून घेऊन, भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावले. जुवाखाली आणणे म्हणजे अंकित करणे. 'सब्जुगेट' हे क्रियापद त्याच कल्पनेतले. आपणही गुलामगिरीचे जू झुगारतो. दोन्हीकडे बैलाच्या मानेवरूनच शब्द माणसाच्या मानेवर आला.

पालकहो, आता आपल्याशी थोडे बोलते. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न माझ्यासमोर येतो : "बाई, मराठी माध्यमातून पुढे विज्ञानाच्या शब्दांचे काय होणार?" महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत, जिथे रस्त्यावर हिंदी आणि नोकरीत इंग्रजी, तिथे हा प्रश्न गैर नाही. मराठीतून शिकले की इंग्रजी आपसूक येते, असे सांगून मी आपली समजूत काढणार नाही. ते येत नाही. शिकवावे लागते, आणि त्यासाठी आमच्या तासिका अपुऱ्या पडतात. पण जीवशास्त्राच्या पुस्तकातील 'युग्मनज' हा शब्द घ्या. अवघड, संस्कृतप्रचुर म्हणून त्याची टिंगल होते. युग्म म्हणजे जोडी. त्यापासून जन्मलेला तो युग्मनज. इंग्रजी 'झायगोट' ग्रीक 'झुगोन'च्याच कुळातला : जुवाला जुंपलेला, जोडलेला. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच धातू. आमच्या मुलाला आपल्या शब्दातून अर्थ आधी कळतो, आणि परका शब्द त्याला नातेवाईक म्हणून भेटतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'झायगोट' बहुधा पाठच करावा लागतो. मात्र हा लाभ केवळ मराठी माध्यमात बसल्याने मिळत नाही. शिक्षकाने फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले तरच मिळतो, आणि ते आम्ही नेहमी करतोच असे नाही. येत्या सत्रापासून विज्ञान आणि भाषा शिक्षकांची यासाठी महिन्यातून एक संयुक्त बैठक ठरवली आहे.

या कुळात आणखी बरेच जण आहेत. 'जॉइन', 'जंक्शन', 'कॉन्जुगल' हे लॅटिनच्या वाटेने आले. आपला 'योग' तर थेट इंग्रजीत जाऊन 'योगा' होऊन परत आला. घरचा योक तिथे होताच, त्याला पूर्वेकडचा भाऊ भेटला. आणि माताभगिनींनो, फ्रॉक शिवताना शिंपी खांद्यावरच्या ज्या पट्टीला 'योक' म्हणतो, ती हीच. खांद्यावर आडवी बसते, म्हणून.

'जुळे' हा शब्द मी मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. तो 'युगल'पासून कसा आला, हे य–ज नियम वापरून आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शोधावे. मोल्सवर्थचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश शनिवारी ग्रंथालयात बाहेर काढून ठेवले जातील. पाने जीर्ण आहेत, जपून उलटावीत.