खेडची लढाई आणि दूधभाताची शपथ

मी रांझीहून बोलतोय, नेहमीसारखा. मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "साहेब, ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीय. गादीच्या वारशावरून झालेली एखादी लढाई सुचवा." मी सुचवेन खेडची. भीमेकाठचं खेड, आजचं राजगुरुनगर. साल १७०७, ऑक्टोबर महिना.

त्या वर्षी मार्चमध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशाह तख्तासाठी उत्तरेकडे निघाला, आणि शाहू महाराज त्याच्या छावणीत कैदेत होते. मे महिन्यात त्यांना भोपाळजवळ दोराहा इथं, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात, सोडण्यात आलं. आई येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. सातव्या वर्षी पकडलेलं पोर पंचविशीत परत येत होतं. ओळखायचं कुणी आणि कसं?

ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे. शिवाय संभाजीराजांचं राज्य बुडालं, आजचं राज्य आम्ही उभं केलं. हे दुसरं म्हणणं मला अगदीच फोल वाटत नाही. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं ही बाई औरंगजेबाशी झुंजली होती. तिनं सरदारांकडून आपल्या मुलाच्या नावानं दूधभातावर शपथ घेववली आणि सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूंवर धाडलं.

कादंबरीवाले इथून थेट तलवारींकडे धावतात. पण खेडचा निकाल तलवार उपसण्याआधीच लागला होता. खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंना गुपचूप पाहून आले आणि धनाजींना म्हणाले, हा खराच संभाजीपुत्र. बाळाजी विश्वनाथांनीही धनाजींचं मन वळवलं. लढाईच्या दिवशी धनाजींनी हात आखडला. पंत लढले, हरले, साताऱ्याकडे निघून गेले.

शपथ मीही घेतलेली आहे. त्यामुळे धनाजींना फितूर म्हणताना माझी जीभ अडखळते. खरा वारस समोर असेल तर खोट्या सांगण्यावर घेतलेली शपथ किती बांधते? पण पटत नव्हतं तर निघण्याआधी सांगायचं. धनाजींच्या भरवशावर पंतांच्या ज्या शिपायांनी घोडी पुढं घातली, त्यांना या खलबतातलं काय ठाऊक होतं? ते मला खुपतं.

इंग्लंडात १०६६ साली असाच पेच होता. हेस्टिंग्जला राजा हॅरॉल्ड पडला. नॉर्मन म्हणत, यानं संतांच्या अवशेषांवर हात ठेवून आमच्या विल्यमला शपथ दिली होती. तिथं शपथ मोडल्याचा ठपका हरलेल्याच्या माथी बसला. आमच्याकडे धनाजींचं सेनापतिपद कायम राहिलं.

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी धनाजी वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, आणि १७११ मध्ये तो ताराबाईंकडे निघून गेला! निमित्त म्हणे एका हरणाचं. ती गोष्ट पुढच्या भागात.