हाकांचा आकडा

दवाखाना बंद ठेवून इथं आलेल्या मित्रांनो,

अध्यक्षानं संघटनेच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी एका रिपोर्टबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका मावशींनी माझ्या टेबलावर थायरॉइडचा रिपोर्ट ठेवला. टीएसएच 48. हा आकडा साधारण चारच्या आत हवा. मावशींनी गोळी बंद केली होती. ‘थायरॉइड एवढं वाढलंय, वर आणखी थायरॉइडचीच गोळी कशाला?’ त्यांच्या हिशेबात खोट नव्हती. टीएसएच थायरॉइड ग्रंथीतून येतच नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीतून येतं, हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथी थकली, तिचं रक्तातलं हार्मोन, टी-फोर, घटलं, की पिट्यूटरी तिला हाका मारत सुटते. टी-फोर पुरेसं झालं की गप्प होते. रिपोर्टवरचा आकडा हाकांचा असतो, कामाचा नव्हे. आणि या पिट्यूटरीचे कान फार तिखट. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं. म्हणून तर आपण आधी तेच तपासतो.

शरीर असा तोल सांभाळत राहतं, ही होमिओस्टॅसिसची कल्पना शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1932 साली ‘द विझडम ऑफ द बॉडी’ या पुस्तकात विस्तारानं मांडली. आपण तिला समस्थिती म्हणतो. मला हा शब्द तितकासा रुचत नाही. ‘स्थिती’ म्हटलं की देवळाचा खांब डोळ्यांपुढे येतो. मला आठवते ती डोंबाऱ्याच्या खेळातली दोरीवरची पोर. हातातली काठी सारखी हलते, म्हणून ती पडत नाही.

साखरेचंही तसंच. उपाशीपोटी आपल्या पाचेक लिटर रक्तात ग्लुकोज असतं जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर. मघाशी बाहेर आपण प्यायलेल्या चहात त्याहून जास्त साखर होती! तरी इथं कुणाची साखर दुप्पट झाली नाही, कारण इन्सुलिननं ती यकृतात आणि स्नायूंत रवाना केली. एकादशीला उलटा कारभार: ग्लुकॅगॉन यकृताला कोठार उघडायला लावतं.

आता थोडं कडू बोलतो. सांधेदुखीवर महिनोन्‌महिने स्टेरॉइड देणारे आपल्यातच आहेत. बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर पिट्यूटरी एसीटीएचच्या हाका मारणं थांबवते आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी हळूहळू सुकतात. मग एक दिवस पेशंट गोळ्या एकदम सोडतो. उलट्या, गळून जाणं, कोसळलेला रक्तदाब. झोपलेली ग्रंथी एका रात्रीत उठत नाही. तिला काही महिनेही लागू शकतात. डोस पायरीपायरीनं उतरवायचा, हे आपण जाणतो. पण चिठ्ठीवर ते पेशंटला वाचता येईल अशा मराठीत किती जण लिहितो?

मावशींना मी ही हाकांची गोष्ट सांगितली आणि गोळी पुन्हा सुरू केली. गोळीतलं टी-फोर अर्धं उतरायलाच आठवडा घेतं, तेव्हा लगेच तपासून काही कळत नाही. सहा आठवड्यांनी या म्हटलं. त्या आल्या. रिपोर्टचं पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं.

‘बघा बरं डॉक्टर, वरच्या बाईची ओरड थांबली का?’

टीएसएच 9 होतं.

‘थांबली नाही मावशी, पण आवाज उतरलाय,’ मी म्हटलं आणि डोस थोडा वाढवला.