गाडी चालवायची कुणाची?



तुमच्यापैकी काहींची पोरं हेवी लायसन्स काढून विचारतात, काका, कुठल्या ट्रान्सपोर्टला लागू? पगार सगळेच चांगला सांगतात, तो शेवटी विचारा. आधी विचारा, गाडी उभी राहिली तर काय? न्हावा शेवाला कंटेनर घेऊन रांगेत अडकलं की ट्रिपवर पैसे घेणाऱ्याचा दिवस फुकट जातो. पार्टी हॉल्टिंग देते, पण ते ड्रायव्हरपर्यंत पोचतं का? माझा आधीचा मालक मी याचपायी सोडला. आता पगार दोन हजारांनी कमी आहे, पण पोरीच्या दहावीच्या निकालाला घरी होतो.

मग डिझेलचं अ‍ॅव्हरेज. ते कमी आलं, माल कमी उतरला, तर कुणाच्या पैशातून कापतात? दिल्ली जवळजवळ १४०० किलोमीटर. जोडीला दुसरा ड्रायव्हर देतात की एकट्यालाच पळवतात? कायद्यात दिवसाला ८ तास लिहिलेत. लिहिलेत, एवढंच.

ऑफिसात यातलं काही कळत नाही. कळंबोलीला त्याच कंपनीच्या गाड्या उभ्या असतात. तिथल्या ड्रायव्हरला चहा पाजा आणि विचारा, मागचा हिशोब कधी मिळाला?