कृत्रिम मूत्रपिंड आणि रुग्णाचा आठवडा

मनुष्यदेहातील दोन मूत्रपिंडे, प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम वजनाची, अहोरात्र जे कार्य करीत असतात त्याची कल्पना एका आकड्यावरून यावी. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्यातून गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर टाकून उरलेला सर्व द्रव ती रक्तात परत करतात. यूरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम आणि जादा पाणी यांचा निचरा या मार्गाने होतो. मधुमेह व उच्च रक्तदाब या दोन व्याधी मूत्रपिंडांची हानी वर्षानुवर्षे, बहुधा कसलीही वेदना न होऊ देता करीत राहतात. ही शक्ती दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली गेली, की पायावर सूज, मळमळ, धाप अशी लक्षणे दिसू लागतात आणि तेव्हा डायलिसिस, म्हणजेच अपोहन, हा शब्द कुटुंबाच्या कानी प्रथमच पडतो.

अपोहनाचे तत्त्व साधे आहे. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलाच्या एका बाजूस रक्त व दुसऱ्या बाजूस योग्य प्रमाणात क्षार असलेले शुद्ध पाणी ठेवले, तर लहान रेणूंचे मलद्रव्य रक्तातून पाण्यात उतरते; रक्तपेशी व प्रथिने आकाराने मोठी असल्यामुळे मागे राहतात. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली या क्रियेस ‘डायलिसिस’ हे नाव दिले. तिचा मनुष्यावर यशस्वी उपयोग होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन या लहानशा गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड उभारले. ती नळी मूळची मांसाचे सॉसेज भरण्याच्या कामाची होती. आरंभीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेतून शुद्धीवर आली, तेव्हा कुठे या खटपटीचे सार्थक झाले.

तरीही अडचण उरलीच. दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे हा उपचार काही दिवसांपुरताच शक्य होता. १९६० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची कायमची जोडनळी बसविली. १९६६ मध्ये हाताची रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडून ‘फिस्टुला’ करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि जुनाट विकाराच्या रुग्णास वर्षानुवर्षे जगविणे साध्य झाले. आजही हा फिस्टुला रुग्णाची जीवनदोरीच असतो. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून नेहमीच्या तपासणीसाठी रक्त काढू नये, त्या हाताने जड ओझे उचलू नये. आरोग्य शिबिरात तपासणीस बसणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास एवढे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात या उपचाराकडे जनसामान्यांचे लक्ष वेधले गेले ते जयप्रकाश नारायण यांच्या आजारामुळे. स्थानबद्धतेतून सुटल्यावर नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये निधन होईपर्यंत ते अपोहनाच्या आधारे जगले आणि याच काळात १९७७ च्या निवडणुकीतही त्यांनी भाग घेतला. यंत्रावर विसंबलेला मनुष्य कार्यशून्य होतो, हा समज त्यावरून दूर व्हावयास हरकत नाही.

एका खेपेस सुमारे चार तास लागतात व अशा खेपा सामान्यतः आठवड्यातून तीन असतात. रक्त हजारो केसासारख्या पोकळ तंतूंमधून वाहते आणि तंतूंच्या बाहेरून मिनिटास सुमारे अर्धा लिटर या वेगाने अपोहन-द्रव जातो. म्हणजे एका रुग्णासाठी एका खेपेस सुमारे १२० लिटर द्रव लागला. निरोगी मनुष्य आठवड्यात जेवढे पाणी पितो त्याच्या कितीतरी पट पाण्याशी या रुग्णाच्या रक्ताचा संबंध येतो आणि मध्ये आतड्याची गाळणीही नसते. म्हणून नळाचे पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावर भागत नाही. क्लोरिन काढून, रिव्हर्स ऑस्मॉसिस यंत्रातून ते शुद्ध करावे लागते आणि त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू शहरी अवर्षणाच्या दिवसांत एका केंद्रास टँकरने पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी पुरविण्यात आले. जलाशयातील निळ्या-हिरव्या शैवालाचे विष त्यात होते. पन्नासच्या आसपास रुग्ण मृत्युमुखी पडले. टँकर हा शब्द आपल्याकडील कित्येक तालुक्यांना परका नाही. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात यंत्रे बसविताना खाटांइतकाच विचार पाण्याच्या व विजेच्या व्यवस्थेचा व्हावयास हवा. उद्घाटनाच्या दिवशी तो सहसा होत नाही.

घरच्या लोकांची काळजी निराळी. दोन खेपांच्या दरम्यान प्यालेले पाणी शरीरात साठत राहते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णास दिवसाला एक लिटरच्या आतबाहेर, डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तेवढेच पाणी घेता येते. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ तहान वाढवितात, म्हणून ते वर्ज्य. आणि आजाऱ्यास भेटावयास जाताना शहाळे नेण्याची आपली प्रेमळ रीत येथे घातक ठरू शकते. शहाळ्याच्या पाण्यात, केळ्यात, फळांच्या रसात पोटॅशियम भरपूर असते. ते रक्तात वाढले की हृदयक्रिया अकस्मात थांबण्याचा धोका असतो. प्रथिने मात्र या रुग्णास अधिक लागतात, कारण अपोहनात त्यांचाही काही अंश वाया जातो. ‘पथ्य’ म्हणून डाळ, अंडी सरसकट बंद करणे योग्य नव्हे.

यंत्र मूत्रपिंडाचे सर्वच कार्य करीत नाही. रक्त तयार होण्यास चालना देणारे संप्रेरक ते निर्माण करू शकत नाही. त्यासाठी इंजेक्शने लागतात. पोटाच्या आतील आवरणाचा पटल म्हणून उपयोग करून घरच्या घरी दिवसातून तीन-चार वेळा द्रव बदलण्याची दुसरी पद्धतही आहे. केंद्रापासून दूर राहणाऱ्यास ती सोयीची, परंतु हातांची स्वच्छता अत्यंत काटेकोर हवी. मूत्रपिंडाचे प्रतिरोपण हा अधिक पूर्ण उपाय होय. त्याचे नियमन १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने होते.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला व जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस ही सेवा विनामूल्य देण्याची तरतूद झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अपोहनाचा समावेश आहे. उपचार विनामूल्य झाला तरी एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि आठवड्यातले तीन दिवस उरतातच. खेप चुकते ती बहुधा या कारणांनी, आणि दोन खेपा लागोपाठ चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरण्यास तेवढे निमित्त पुरेसे होते. गावातील अशा रुग्णांची नावे, त्यांचे केंद्र व त्यांचे वार ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावेत. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांवरील वाहतूक बंद होण्याची चिन्हे दिसताच केंद्रास कळवून त्यांची खेप एक दिवस अलीकडे घेता येते किंवा पलीकडच्या तालुक्यातील केंद्रात सोय करता येते; मात्र पूल पाण्याखाली जाण्यापूर्वी रुग्ण गावाबाहेर पडलेला असला पाहिजे.