कण्हेरखेडच्या शिंद्यांचा रणयज्ञ



ज्या समाजाला आपली वंशावळ जपण्याचा अभिमान असतो, त्या समाजासमोर एका लढवय्या घराण्याची वंशावळ उलगडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. वंशावळीत बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू अशी नावे येतात. परंतु त्यांपैकी कोण कोठे आणि कशापायी खर्ची पडला, हे ती सांगत नाही. सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटीलकीतून वर आलेल्या शिंदे घराण्याची कथा या दृष्टीने मननीय आहे.

या घराण्याचा उत्कर्ष राणोजी शिंदे यांनी केला. पहिल्या बाजीरावांच्या पदरी साध्या चाकरीपासून आरंभ करून ते माळव्याचे सरदार झाले आणि उज्जैनीस त्यांनी आपले ठाणे केले. इ. स. १७४५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी. पैकी जोतिबा पित्याच्या हयातीतच बुंदेलखंडात दग्याने मारले गेले. घराण्यावरचा हा पहिला घाव.

जयाप्पांच्या वाट्यास मारवाडची मोहीम आली. नागोरास वेढा पडला असता, जुलै १७५५ मध्ये, बोलणी करण्याच्या मिषाने छावणीत आलेल्यांनी त्यांचा घात केला. दत्ताजींनी वेढा उठविला नाही. भावाच्या शिराचा मोबदला, ज्यास मुंडकटी म्हणत, म्हणून अजमेर मराठ्यांकडे आले. प्रांत मिळाला, बंधू मिळाला नाही.

पुढे नजीबखानास शुक्रताल येथे कोंडण्यात दत्ताजींचे कित्येक महिने गेले आणि तेवढ्यात अब्दाली चालून आला. दत्ताजींनी आपली गरोदर पत्नी भागीरथीबाई हिला बुणग्यांबरोबर मागे रवाना केले आणि स्वतः यमुनेचे उतार रोखून धरले. दिनांक १० जानेवारी १७६० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, बुराडी घाटावर गोळी लागून ते पडले. घायाळ अवस्थेत शत्रूने विचारलेल्या प्रश्नास त्यांनी जे उत्तर दिल्याचे परंपरा सांगते, ते महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहे. त्यानंतर त्यांचे शिर कापले गेले. त्याच रणात जयाप्पांचा पुत्र जनकोजी याच्या दंडात गोळी लागली.

जनकोजी तेव्हा विशीच्या आतबाहेरचा तरुण. त्या दुखावल्या हातानिशी तो वर्षभर छावणीत राहिला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पाणिपतावर उभा ठाकला. तुकोजी त्या दिवशी कामास आले. जनकोजी जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. त्याच्या सुटकेची खटपट चालू असतानाच त्यास गुपचूप ठार मारण्यात आले. साडेपाच वर्षांत एका घरातील चार कर्ते पुरुष गेले!

उरले महादजी. पाठलाग करणाऱ्या एका अफगाणाने त्यांचा पाय जायबंदी केला आणि अंगावरील चीजवस्तू काढून घेऊन त्यांना तसेच टाकून दिले. तेथून राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप आणले. महादजी जन्मभर लंगडत चालले. परंतु राणेखानास त्यांनी 'भाई' मानले आणि सेनानायकपदापर्यंत चढविले. इ. स. १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या तावडीतून दिल्ली सोडविण्याच्या कामी हाच राणेखान अग्रभागी होता.

महादजींना घरची सरदारीही सहजासहजी लाभली नाही. ते राणोजींच्या विवाहित स्त्रीचे पुत्र नव्हेत, या कारणास्तव त्यांचा हक्क नाकारू पाहणारे पुष्कळ होते. अखेर इ. स. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी त्यांच्या हक्कास मान्यता दिली. त्यानंतर फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले, जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला, आणि लगोलग नजीबाच्या पुत्राचा शुक्रताल व पथ्थरगड येथे पाडाव झाला. ज्या शुक्रतालावर दत्ताजींचे यश हुकले, तेथेच त्यांच्या धाकट्या भावाने ते मिळविले. दिनांक १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडी येथे महादजींचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

आता एक गोष्ट गोमंतकीयांनी विशेषेकरून ध्यानी घ्यावी. महादजींचे विश्वासू सेनानी जीवबादादा बक्षी, म्हणजे जिवाजी बल्लाळ केरकर, हे पेडणे महालातील केरी गावचे सारस्वत. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्याच हाताखाली होती. पुढच्याच वर्षी त्यांचा अंत झाला. समुद्रकाठच्या गावाचा हा सुपुत्र घाटावरच्या एका घराण्याची उणीव भरून काढण्यास उभा राहिला.

शिंद्यांच्या वंशवृक्षावर जयाप्पा आहेत, दत्ताजी आहेत, कोवळा जनकोजीही आहे. परंतु ज्याच्या बैलामुळे त्या वृक्षाची ती शाखा वाचली, तो भिस्ती रक्ताच्या नात्याने त्यावर कोठेच बसत नाही. आणि केरीचे बक्षीही बसत नाहीत. पतीस रणात ठेवून निघालेल्या भागीरथीबाईंच्या वाट्यास तर वंशावळीत जेमतेम एक ओळ येते. घराण्याचा त्याग हा केवळ घराण्याचा नसतो. त्यात परक्यांचा, स्त्रियांचा आणि चाकरांचा वाटा असतो.

कुलवृत्तांत लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येक महाजन कुटुंबाने नावांच्या यादीखाली काही जागा कोरी सोडावी. कोण कोणाच्या आधाराने तगला, कोणाच्या घासातला घास खाऊन वाढला, हे त्या जागेत लिहावे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर हे त्यांस विचारून घ्यावे. देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालताना ज्ञात आणि अज्ञात अशा सर्वांचे स्मरण करण्याचा आपला परिपाठ आहे. वंशावळीनेही तोच परिपाठ पाळावा, एवढीच विनंती श्रींच्या चरणी आणि आपल्या सेवेशी आहे.