मोकळा तळमजला

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'सिंगापूरचे अनुभव' हा विषय दिला आणि वर 'प्रवासवर्णन नको हं' असंही बजावलं. ते एका परीनं बरंच झालं. मरीना बे आणि सेंटोसा तुमच्यापैकी निम्म्या मंडळींनी पाच दिवसांच्या टूरमध्ये पाहून घेतलं आहे. मी आणि सौ. मात्र तिथे जुलै 2015 ते जुलै 2016 असं वर्षभर राहिलो. नातू लहान, लेक आणि जावई दोघंही नोकरीला, म्हणून गेलो. राहिलो तेही पोहण्याचा तलाव असलेल्या टोलेजंग संकुलात नव्हे, तर तोआ पायोह नावाच्या जुन्या वस्तीत, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत. थोडक्यात, त्यांच्या म्हाडात.

म्हाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते क्षणभर बाजूला ठेवा. तिथली 10 पैकी जवळजवळ 8 माणसं याच मंडळाच्या घरांत राहतात. त्यात टॅक्सीवालाही आला आणि प्राध्यापकही आला. मंडळ 1960 साली स्थापन झालं. पुढच्याच वर्षी, मे 1961 मध्ये, बुकित हो स्वी या झोपडवस्तीला प्रचंड आग लागली, सुमारे 16,000 माणसं बेघर झाली आणि बांधकामाला जो वेग आला तो आलाच. घर मालकीचं म्हणतात, पण असतो 99 वर्षांचा भाडेपट्टा. मी जन्मभर गृहकर्जाची कागदपत्रं तपासलेली, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जावयांना विचारलं, "मग शंभराव्या वर्षी काय?" ते हसले आणि म्हणाले, "बाबा, जमीन सरकारची आहे." यावर मी काय बोलणार!

दिवसाची घडी बसायला महिना गेला. तिथे सूर्य बारा महिने सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. ना थंडी, ना उन्हाळा. पाचला उठायची सवय असलेल्या माणसाने दोन तास अंधारात काय करायचं? मी खाली उतरून फेऱ्या मारायचो. मग हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या खाण्याच्या मंडईत, कॉफी. नुसतं 'कोपी' म्हटलं की घट्ट गोड दूध घातलेली मिळते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखर घातलेली आणि 'कोपी-ओ कोसोंग' म्हणजे साखरही नाही. मला मधुमेह, तेव्हा कोसोंग. डॉलर त्या वेळी 47-48 रुपयांना होता. सुरुवातीला प्रत्येक घोट मी रुपयांत मोजून प्यायलो. सौ. म्हणाल्या, "असं मोजत बसलात तर वर्षभर उपाशी राहाल."

त्या मंडईत एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली. टेबलं पुसणारी, उष्ट्या बश्या उचलणारी माणसं बहुतेक माझ्याच वयाची, काही तर माझ्याहूनही थोरली. कमरेत वाकलेल्या बाया गाडी ढकलत फिरायच्या. कोणी म्हणे, घरी बसून कंटाळतात म्हणून येतात. मला पेन्शन आहे, मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. त्या शिस्तबद्ध शहराचं गुणगान करताना हेही सांगायला हवं.

पण माझा आजचा खरा विषय इमारतीचा तळमजला आहे. तिथे जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर घरं नसतात आणि गाड्याही नसतात. गाड्यांची सोय वेगळी. खांबांवर उभी असलेली ती सगळी जागा मोकळी असते, तिला 'व्हॉइड डेक' म्हणतात. पत्रपेट्या, चार बाकं, बुद्धिबळाचा पट कोरलेली दगडी टेबलं. कोपऱ्यात एखादं तमिळ माणसाचं किराणा दुकान, त्याला सगळे, चिनीसुद्धा, 'मामा शॉप' म्हणतात. मामा हा शब्द ऐकून सौ.ना काय आनंद झाला! दूध-ब्रेड घ्यायला त्या दिवसातून दोनदा मामांकडे जाऊ लागल्या. भिंतीवर 'फुटबॉल खेळू नये' अशी पाटी आणि पाटीखाली फुटबॉल खेळणारी पोरं. हे मात्र अगदी आपल्यासारखं.

आम्ही गेलो तेव्हा कोणाला ओळखत नव्हतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना गेलो, छान वाटलं, पण ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. रोजचं काय? लेक-जावई सकाळी साडेसातला बाहेर पडले की घरात आम्ही दोघं आणि नातू. सप्टेंबरात सुमात्राच्या जंगलांतल्या आगींचा धूर शहरावर आला. 25 सप्टेंबरला तर शाळाही बंद ठेवल्या. आठवडेच्या आठवडे खिडक्या लावून बसलो. सौ. त्या काळात दोनदा रडल्या. परत जाऊ या म्हणाल्या.

गेलो नाही, त्याचं श्रेय खालच्या बाकाला आहे. धूर ओसरल्यावर नातवाला घेऊन सौ. तिथे बसू लागल्या. शेजारी आमच्याच मजल्यावरच्या एक चिनी आजी बसायच्या आणि एक मलाय बाई. आजींना इंग्रजी दहा शब्द येत असतील, सौ.ना त्याहून थोडे जास्त. कसं कोण जाणे, पण तासतास बोलायच्या. हे एकत्र राहणं आपोआप झालेलं नाही. 1989 पासून कुठल्या इमारतीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा सरकारने घालून दिली आहे. त्यामुळे अल्पसंख्याकांना घर विकताना कधी कधी गिऱ्हाईक कमी मिळतं आणि भावही पडतो, अशी तक्रार आहे. ती रास्तच आहे. पण आजी आणि सौ. एका बाकावर आल्या, त्यात त्या नियमाचा वाटा होता हेही खरं.

दिवाळीत सौ.नी चकली दिली, तर आजी "मुरुक्कू! मुरुक्कू!" म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या. फेब्रुवारीत चिनी नववर्षाला आजी दोन संत्री घेऊन दारात. जोडीनेच द्यायची असतात आणि आपणही दोन परत करायची. मार्चमध्ये खाली मलाय लग्न झालं. चकचकीत कागदी फुलांच्या उंच काठ्या, डफांसारखी वाद्यं, रांगेत जेवणाची टेबलं. आम्हाला आग्रहाने बसवलं, भाजीभात वेगळा वाढला.

आणि मे महिन्यात आजी गेल्या.

अंत्यविधीआधीचे पाच दिवस शवपेटी त्याच तळमजल्यावर होती. तीन, पाच किंवा सात, दिवस विषमच हवेत. चारही बाजूंनी पडदे, पंखे, गोल टेबलांवर शेंगदाणे आणि सरबताची खोकी. रात्रभर कोणी ना कोणी पत्ते खेळत जागं राहायचं, आजींना एकटं सोडायचं नाही म्हणून. आम्ही दोघंही गेलो. पांढऱ्या पाकिटात पैसे द्यायची रीत आहे, तीही विषम रक्कम. आजींच्या मुलाने वहीत माझं नाव आणि रक्कम लिहून घेतली. आपल्या लग्नातली आहेराची वही आठवली. निघताना बोटाला गुंडाळायला लाल दोरा दिला, तो घरी पोचायच्या आत टाकून द्यायचा. लोक कामावर जाता-येता तिथूनच जात होते, मान लववत होते. त्याच लग्नघरच्या मलाय गृहस्थांनी शेवटच्या दिवशी खुर्च्यांच्या चळती लावू लागल्या. मीही चार उचलल्या. वर्षभरात मी पाहुणा नव्हतो असा तो दिवस.

आता आपल्याकडे. आपली इमारतही खांबांवर उभी आहे. 25 वर्षांपूर्वी इथे खाली गणपती बसायचा, बायका पापड वाळत घालायच्या, माझ्या लेकीचं केळवणही इथेच झालं. आज एकूण सहा गाळ्यांपैकी पाचांत गाड्या आहेत. गेल्या पावसाळ्यात आपल्या दुसऱ्या मजल्यावरचे काका पहाटे गेले, तेव्हा त्यांना खाली आणल्यावर ठेवायला जागा नव्हती. अर्धा तास आपण दारोदार किल्ल्या गोळा करत होतो. वहिनी जिन्यात उभ्या होत्या. तुम्हा सर्वांना हे आठवत असेल.

उरलेल्या सहाव्या गाळ्यात चार गाड्यांचे पट्टे आखायचे आणि भाड्यातून निधी वाढवायचा, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. हिशेब मी तपासला आहे, आकडे बरोबर आहेत. दुरुस्तीला पैसा लागतो हेही मी जाणतो, त्यासाठी मासिक वर्गणी वाढवावी लागली तर माझी तयारी आहे. पण या ठरावाच्या विरोधात मी बोलणार आहे आणि हात वर करणार आहे. तेव्हा तो गाळा पाहून ठेवा. आज जेवणाची पानं तिथेच मांडली आहेत.